उत्तराचा ठोका

१

दयानंदच्या घराला चांगली चिमणीसारखी वाजणारी बेल होती, पण मेहुणा आला की ती कधी वाजायची नाही. अश्विन बोटाच्या पेरानं दार ठोकायचा. दोनदा चटचट, जरा थांबून एकदा. सरिता स्वयंपाकघरातून ओरडायची, "आला दार मोडणारा," आणि दयानंद उठून आतून दाराला एकच ठोका द्यायचा, मग कडी काढायचा. ओमानमध्ये सोहारजवळ फलजमधल्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी हे चालायचं आणि दोघे बाप्ये त्यात पोरासोरांसारखे खूश असायचे.

हा खेळ घरात आला होता तो कामावरून. दयानंद बंदराजवळच्या एका यार्डात इन्स्पेक्शन इंजिनीअर होता. टाक्या, बॉयलर, दाबाची भांडी, म्हणजे ज्यात माणूस वाकून शिरतो आणि तो बाहेर येईपर्यंत दुसऱ्याचा जीव टांगणीला लागतो, असली सगळी कामं त्याच्याकडे. अशा भांड्यात कुणी उतरलं की तोंडापाशी बाहेर एक जण बसवतात. त्याला होल वॉच म्हणतात. आतला वर येईपर्यंत त्यानं जागचं हलायचं नाही. मग बायको बाळंत होवो नाहीतर खुद्द अर्बाब, म्हणजे अरब मालक, येऊन बोंबलो. दयानंदनं नोकरीची पहिली वर्षं अशीच भोकाच्या तोंडाशी बसून काढली होती आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

वॉकीटॉकीवर त्याचा विश्वास नव्हता. पोलादाच्या आत ती कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून त्यानं आपल्या माणसांना ठोका शिकवला होता. आतल्यानं ठोकायचं दोन आणि एक. बाहेरच्यानं उत्तर द्यायचं एकच, म्हणजे 'आहे मी'. झाकण उघडताना तर हे हवंच हवं. बाहेरच्यानं आधी एक ठोका देऊन विचारायचं, आतून दोन आणि एक आलं की मगच पान्याला हात लावायचा. पोरं हसायची, पण करायची.

अश्विनला इकडे आणला तोही दयानंदनंच. अंबरनाथला सासूबाईंनी हातात चहाचा कप देता देता म्हटलं होतं, "दयानंदराव, एकुलता एक आहे. तुमच्या जिवावर धाडतेय." दयानंद म्हणाला होता, "मी आहे ना, आई." असली वाक्यं माणूस चहा पिता पिता बोलून जातो.

२

दोन हजार पंधरा साली यार्डात तो गोळा आला. ओमानपासून हिंदुस्थानापर्यंत समुद्राच्या तळावरून गॅसची लाइन टाकायचं कुणाच्या तरी डोक्यात होतं आणि तळ बघायला युरोपातून ही मंडळी आली होती. पोलादी गोळा, आत जेमतेम दोन माणसं, वर एक झाकण, पुढं तळहातापेक्षा थोडी मोठी खिडकी. यार्डातल्या आपल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं हंडा.

साहेब लोकांचं नाव वेगळं. फ्रेंच मुकादम म्हणायचा बातिस्काफ. इटालियन पायलट शेवटाला एक ओ लावून बातिस्काफो. स्पॅनिश वायरमनचंही तसंच, फक्त सूर निराळा, आणि जर्मन म्हातारा तोच शब्द दात आवळून म्हणायचा. अश्विन आतली वायरिंग सांभाळायचा, दिवसभर त्यांच्यात असायचा. त्याला या शब्दाचा नाद लागला. कुणा प्रोफेसरनं म्हणे खोल आणि होडी असे दोन ग्रीक शब्द जोडून तो केला आणि मग सगळ्यांनी एकमेकांकडून नेला. "उसना नेला, ताई," तो जेवताना सांगायचा. "परत मात्र एकानंही केला नाही." आणि चारही उच्चार करून दाखवायचा. सरिता हसून हसून बेजार व्हायची.

उसनवारीवरून त्या घरात आणखी एक गंमत चालायची. शेजारी कुबरा म्हणून एक बलुची बाई राहायची. तिच्याकडून निळ्या काठाच्या वाडग्यातून हलवा यायचा आणि सरिता तो वाडगा कधी चकल्या, कधी पुरणपोळी घालून परत पाठवायची. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे तिच्या आईनं शिकवलेलं. हंडा पहिल्यांदा माणसांशिवाय, नुसताच तळाला सोडून वर घेतला, तेव्हा अश्विन घरी येऊन म्हणाला, "ताई, समुद्राला काही शेजारधर्म नाही. भांडं रिकामंच पाठवलं त्यानं."

"तुम्ही रिकामं दिलंत, मग तो काय घालणार त्यात?" सरिता म्हणाली.

यावर सगळे हसले. दयानंदही हसला. नंतर तो प्रसंग आठवला की त्याला आपल्याच हसण्याची चीड यायची.

३

माणसं घेऊन हंडा उतरवायचं ठरलं तेव्हा पायलटबरोबर जायला स्पॅनिश वायरमनचा नंबर होता. त्याच्या कानात काहीतरी झालं आणि अश्विननं हात वर केला. दयानंद नाही म्हणू शकला असता. त्याच्या सहीशिवाय अश्विन आत बसलाच नसता. पण पोरगा इतका फुलला होता की त्यानं सही केली. सरितानं मस्कतला झालेल्या परित्राण पाठात भंतेंनी दिलेला पांढरा धागा भावाच्या उजव्या मनगटाला बांधला आणि तो काढायचा नाही म्हणून दम दिला.

जहाज मस्कतच्या बाहेर लांब जाऊन उभं राहिलं. समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा शांत. झाकण दयानंदनं स्वतः लावलं, कान टेकला. आतून आलं दोन आणि एक. त्यानं तळहात पुसून एक ठोका दिला आणि हंडा पाण्यात गेला.

खालून बोलायला फोन होता. बराच वेळ अश्विनचा आवाज येत राहिला, चेष्टा करणारा, मग आकडे सांगणारा. तळ गाठल्यावर फोन गेला. फ्रेंच मुकादम म्हणाला, होतं असं कधी कधी. दयानंद रेलिंगला धरून पाण्याकडे बघत राहिला. होल वॉचची सवय अशी की आपण नजर हलवली तर आतल्याचं काही होईल असं वाटतं.

हंडा वर आला तेव्हा डेकवर जत्रा झाली. मुकादम मागून दयानंदचा खांदा हलवत ओरडत होता, "यल्ला, यल्ला, ओपन!" आतली हवा संपत आली असेल, ही भीती दयानंदलाही होतीच. त्यानं पाना लावला आणि झाकण फिरवलं. ठोका दिलाच नाही. विचारलं नाही आतल्याला. उभ्या जन्मात असं पहिल्यांदा झालं आणि त्या गडबडीत ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

आधी पायलट बाहेर आला आणि डेकवर पाय पसरून बसून राहिला. मागून अश्विन आला. दयानंदनं त्याला मिठी मारली. त्याचं अंग गार होतं, पण खाली गारच असतं.

४

त्या गुरुवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. सरितानं दार उघडलं आणि म्हणाली, "अरे, तू होय! मला वाटलं गॅसवाला." अश्विन हसला, चपला काढून त्यानं ओळीत लावल्या आणि आत आला. दयानंद सोफ्यावरून अर्धा उठला होता, तो परत बसला.

असतं माणसाचं, त्याच्या मनात आलं. इतक्या खोल जाऊन आलाय, पोरकटपणा गेला असेल. आणि खरोखरच गेला होता. अश्विन आता वेळेवर यायचा. वाढलेलं सगळं खायचा, ताटाभोवती एक शीत सांडायचा नाही. बहिणीची चेष्टा करेना, मोबाइलमध्ये डोकं घालेना. मनगट मोकळं होतं. धागा भिजला, निसटला, म्हणाला. निझवाला दुकान असलेल्या एका ओळखीच्या कुटुंबातली भावना म्हणून मुलगी होती, तिचं स्थळ तो वर्षभर टोलवत होता. आता सरितानं विषय काढला तर म्हणाला, "तू म्हणशील तसं, ताई." सरिताच्या डोळ्यांत पाणी आलं. शहाणा झाला माझा भाऊ, ती ज्याला त्याला सांगत सुटली.

दयानंदला मात्र घास गोड लागेना. आपल्याला काय खुपतंय हे त्याचं त्यालाच सांगता येईना. एकदा जेवताना अश्विननं मान वर करून विचारलं, "दाजी, त्या गोळ्याला काय म्हणतात हो?"

"कशाला?"

"आम्ही गेलो होतो ना, त्याला."

दयानंदनं सांगितलं, बातिस्काफ. अश्विननं तो शब्द हळूच म्हणून पाहिला, एखादं नवं भांडं हातात फिरवून बघावं तसा. एकदाच म्हटला, तोही कुणाच्याच उच्चारासारखा नाही. सरिता पोळी लाटत होती, तिचं लक्ष नव्हतं.

स्काइपवर सासूबाई आल्या तेव्हा सरितानं भावाला पुढं बसवलं. म्हातारी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. लेकीची चौकशी केली, जावयाची केली. मग म्हणाली, "आणि अश्विन कुठाय गं?" सगळे हसले. मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करून घ्यायला हवं, असं सरिता म्हणाली. दयानंदही तेच म्हणाला, आणि आपण हे फार मोठ्यानं म्हटलं असं त्याला वाटलं.

५

हंडा यार्डाच्या मागच्या शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर ठेवला होता. तेलाचा भाव पार कोसळला होता, लाइनचं काम थंडावलं होतं, साहेब लोक एकेक करून परतत होते. हंडा आता धुऊनपुसून युरोपात कुणाला तरी विकायचा होता.

धुण्याचं काम नूरुद्दीनकडे होतं. हा क्रेनच्या साखळ्या लावणारा बलुची, दयानंदच्याच हाताखाली तयार झालेला, थट्टामस्करी न करणारा माणूस. दुपारी तो पाण्याचा पाइप तसाच वाहता सोडून दयानंदच्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला.

"साब," तो म्हणाला, "अंदर कौन है?"

दयानंदनं सांगितलं की आत कुणी नाही. नूरुद्दीन परत जाईना. मग दयानंद त्याच्याबरोबर शेडमध्ये गेला. पत्रा तापून कडकड वाजत होता, नळाचं पाणी सिमेंटवरून वाहत होतं. पाणी बंद केल्यावर दयानंदनं पोलादाला कान लावला.

दोन. मग एक.

पत्रा, तो स्वतःशी म्हणाला. ऊन. गार पाणी मारलं की तापलेलं पोलाद आवळतं आणि आवाज करतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. त्यानं नूरुद्दीनला पाना आणायला लावला, झाकण उघडलं आणि बॅटरी मारली. दोन सीट, लोंबणारे पट्टे, बंद पडलेले काटे. रबराचा आणि घामाचा वास. बाकी काही नाही. त्यानं झाकण लावलं आणि नूरुद्दीनला जरा तोडूनच सांगितलं की आता कामाला लाग. तेवढ्यात पुन्हा आलं. चटचट, आणि जरा थांबून एक.

नूरुद्दीननं पाइप गुंडाळला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं शेडमधलं काम मागून बदलून घेतलं.

६

इटालियन पायलट अजून गेला नव्हता. मस्कतला अझैबात विमानतळाजवळच्या एका गेस्ट हाउसमध्ये तो कागदपत्रं पुरी व्हायची वाट बघत होता. दयानंदनं यार्डाचं काहीतरी काम काढलं आणि गाडी घेऊन सकाळीच मस्कत गाठलं.

पायलट खाली रिसेप्शनमध्ये बसला होता. टीव्ही लावलेला, आवाज बंद. दयानंदला बघून तो दचकला नाही. कॉफी मागवली. तुझा मेहुणा बरा आहे ना, असं साधं विचारायलाही त्यानं वेळ घेतला, आणि उत्तर येण्याआधी स्वतःच विचारलं, "झाकण उघडण्याआधी तू ठोकलं होतंस?"

दयानंद म्हणाला, नाही.

पायलटनं मान हलवली. मग तो मोडक्या इंग्रजीत सांगू लागला, तेही टीव्हीकडे बघत. तळाशी गेल्यावर दिवे गेले. दोघं अंधारात बसून होते. अश्विन घाबरला होता, पण चेष्टेच्या सुरात म्हणाला की आमच्या दाजींचा एक मंत्र आहे, आणि त्यानं वर हात करून झाकणाला ठोकलं. दोन आणि एक.

"मग?"

"मग बाहेरून उत्तर आलं," पायलट म्हणाला. "एक."

दयानंदनं कप खाली ठेवला. पोलाद, तो म्हणाला. इतक्या दाबाखाली पोलाद बोलतंच. पायलट म्हणाला, मीही तेच म्हटलं. पण अश्विन हसायला लागला. म्हणाला, आहेत दाजी. आणि त्यानं पुन्हा ठोकलं. पुन्हा उत्तर आलं. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. दिवे आले तेव्हा अश्विन शेजारी बसलेला होता, समोर बघत, दोन्ही हात मांडीवर ठेवून. वर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

"मी त्याच्याकडे बघितलं नाही," पायलट म्हणाला. "सबंध वाटेत नाही बघितलं." त्यानं कॉफी संपवली आणि तू मला भेटायला यायला नको होतंस असं सांगून वर खोलीत निघून गेला.

परतीच्या वाटेवर दयानंदनं गाडी दोनदा कडेला घेतली. त्याला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. ठोकलं की बाहेर कुणीतरी आहे समज, हे पोराच्या डोक्यात भरवलं कुणी? त्यानंच ना! मोठा होल वॉच. झाकण उघडायच्या वेळेला मात्र विचारायचंही सुचलं नाही.

७

हंडा शनिवारी ट्रेलरवर चढणार होता. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, यार्डातली माणसं जुम्म्याच्या नमाजाला गेली असताना दयानंद शेडमध्ये गेला. सरिताला त्यानं सांगितलं होतं की थोडं काम राहिलंय. खोटं नव्हतं ते.

शेडमध्ये शिरताना त्यानं मनाशी सगळं नीट मांडलं होतं. नूरुद्दीनसमोर झाकण उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं. पण तेव्हाही आपण विचारलं नव्हतं. डेकवरही नव्हतं विचारलं. न विचारता उघडलं की काय हाती लागतं ते दोनदा बघून झालं. आज रीतसर करायचं. काही नसेल तर नसेल; निदान आपण वेडे झालो हे तरी कळेल.

त्यानं पान्याच्या टोकानं पोलादावर एक ठोका दिला.

उत्तर लगेच आलं. इतकं लगेच की आतला झाकणाला हात लावूनच बसला असावा. दोन आणि एक. पुन्हा दोन आणि एक. आणि मग रीत सोडून, भराभर, सारखं सारखं.

"आलो," दयानंद म्हणाला. "आलो रे, थांब." त्यानं पाना लावला.

"दाजी."

शेडच्या दारात अश्विन उभा होता. हातात डबा. ताईनं जेवण दिलंय, म्हणाला, गार होण्याआधी खा म्हणाली. तो आत आला नाही. उन्हाच्या कडेला चपला नीट जुळवून उभा राहिला.

"उघडताय का?" त्यानं विचारलं. आवाजात धमकी नव्हती, काही नव्हतं. "उघडा. पण ताईला काय सांगायचं ते आधी ठरवा. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे."

दयानंदनं त्याच्याकडे पाठ केली आणि झाकण फिरवलं. आतलं ठोकणं थांबलं. झाकण वीतभर वर आलं. बॅटरी त्यानं लावली नाही, शेडमधला उजेड जेवढा आत गेला तेवढाच. त्या उजेडात झाकणाच्या कडेवर चार बोटं आली. पेरं सोललेली, नखं काळी पडलेली. मागं मनगट, आणि मनगटावर पांढरा धागा.

हात ओढत नव्हता, झटत नव्हता. दुसऱ्यानं धरून वर घ्यावं म्हणून पुढं करतात तसा नुसता पुढं आला होता.

यानंतर आपण काय केलं याची दयानंदनं पुढं पुष्कळ कारणं शोधली. सरिता शोधली, सासूबाई शोधल्या, निझवाची ती बिचारी मुलगी शोधली. दोघांना समोरासमोर उभं करून जगाला काय सांगणार होतो, हेही शोधलं. सगळी फुकट. त्याला भीती वाटली, बस्स, एवढंच होतं. त्यानं झाकण खाली दाबलं. बोटं आत गेली, स्वतःहून गेली. जायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा तो थांबला, आणि मग त्यानं पाना आवळला.

आतून आलं दोन आणि एक. हळू. दयानंद तिथंच उभा राहिला. एक ठोका द्यायचा होता, 'आहे मी' म्हणून. त्यानं तो दिला नाही.

"जेवून घ्या, दाजी," अश्विन म्हणाला.

८

ट्रेलर गेला, जहाज गेलं. साखरपुड्याची तयारी सुरू झाली. सरिता कुबराच्या निळ्या काठाच्या वाडग्यात बेसनाचे लाडू भरत होती आणि भरता भरता सांगत होती की पाहुण्यांना मस्कतहून गाडी लागेल, साडी निझवालाच घेऊ, अश्विनला आकाशी शर्ट शोभेल. गुरुवारची संध्याकाळ होती. दयानंद हं हं करत टेबलाशी बसला होता.

फोन वाजला. सासूबाईंचा होता, आणि त्यांना जावयाशीच बोलायचं होतं. ऑपरेशन झालं होतं, आता सुईत दोरा ओवता येतो म्हणाल्या. साखरपुड्याचे फोटो पाठवा म्हणाल्या.

"दयानंदराव, एक विचारू? रागावू नका म्हातारीवर. आमचा अश्विन वर आला का हो?"

दयानंदनं सरिताकडे पाहिलं. ती लाडू मोजूनमापून, एकावर एक, कळस करून रचत होती. तिचा चेहरा इतका सुखी त्यानं कैक वर्षांत पाहिला नव्हता.

"आला ना, आई."

"तुम्ही बघितलंत?"

"मी स्वतःच्या हातानं झाकण उघडलं," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं, आणि जिभेवर ते कडू जहर लागलं.

"मग बरं झालं," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज मात्र बरं झाल्यासारखा नव्हता. "तुमच्या जिवावर धाडला होता." तिनं फोन ठेवला.

बेल वाजली. सरिता पदराला हात पुसत दार उघडायला गेली. अश्विन आत आला, चपला ओळीत लावल्या, हात धुतले आणि दयानंदच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसला. सरितानं त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. तो प्याला नाही. दयानंदकडे बघत त्यानं उजवा हात टेबलावर आणला आणि बोटाच्या पेरानं लाकडावर ठोकलं. एकदा.

"अगं बाई," सरिता हसून म्हणाली, "किती दिवसांनी ठोकलंस रे! आला माझा दार मोडणारा." आणि ती कुबराकडे वाडगा द्यायला गेली.

दयानंद हलला नाही. आतला माणूस कधी एकदा ठोकत नाही. एकदा ठोकतो तो बाहेरचा.